कोजागरी ते होळी : आमच्या मंडळाची कलावंतांची यादी कशी ठरली

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात लोकसंगीताचे एक लहानसे मंडळ आहे. मंडळाला स्वतःची इमारत नाही. मारुतीच्या देवळाचा सभामंडप, एक जुनी पेटी, दोन ढोलक्या, टाळांचे जोड आणि ग्रामपंचायतीने वापरायला दिलेल्या सतरंज्या एवढाच आमचा संसार आहे. दरवर्षी कोजागरीपासून होळीपर्यंत बाहेरगावचे आणि गावातले कलावंत आमच्याकडे गातात. येत्या हंगामात कोण येणार, कधी येणार आणि कशासाठी येणार हे ठरवण्याचे काम यंदा पोळ्यानंतरच्या बैठकीत मंडळाचा सचिव म्हणून माझ्याकडे आले. ठरवण्यासारखे त्यात फारसे काही नसेल, फोन करावेत, तारखा लिहून घ्याव्यात आणि पत्रक छापायला द्यावे, अशी बहुतेकांची समजूत होती. प्रत्यक्षात ही यादी आम्ही जितकी ठरवली, त्याहून अधिक ती पंचांगाने, पिकांनी, विजेच्या वेळापत्रकाने आणि मुख्य म्हणजे त्या त्या कलेने आपल्या अटींवर ठरवली. ते कसे घडले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एकाच रात्री सगळे उरकण्याची पद्धत रुळली होती. मोठा मंडप, झगझगीत दिवे, निवेदक, मान्यवरांची भाषणे आणि मग एकामागून एक कला, प्रत्येकीला दहा मिनिटे. गोंधळी संबळ लावून होईपर्यंत त्यांची वेळ संपलेली असे आणि भजनाचा ठेका अंगात भिनतो न भिनतो तोच निवेदक पुढचे नाव पुकारत असे. टाळ्या पडत, छायाचित्रे निघत, पण दुसऱ्या दिवशी पारावर कोणाच्या गाण्याविषयी कोणी बोलत नसे. बोलणे असे ते जेवणाविषयी. म्हणून बैठकीत मी एकच गोष्ट मागितली, की एका कलेला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी, मग भले कार्यक्रम थोडे होवोत. तरुण मंडळींना ऑर्केस्ट्रा हवा होता, काहींना वडशाहून झाडीपट्टीचे नाटक आणावे असे वाटत होते. त्या रंगभूमीविषयी मला आदरच आहे; २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अख्ख्या पूर्व विदर्भाने तो आपलाच सन्मान मानला. परंतु रात्रभराच्या नाटकाचा खर्च आमच्या वर्गणीच्या आवाक्यातला नाही आणि आमचे मंडळ आहे गाण्याचे. शेवटी माझे म्हणणे मान्य झाले, ते पटले म्हणून की खर्च कमी दिसला म्हणून, हे मी खोदून विचारले नाही.

यादीत पहिले नाव लिहिण्याआधी शेतीचे वेळापत्रक मांडावे लागले. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सवंगणी आणि मळणी सुरू असते, तेव्हा रात्री आठ वाजता माणूस जेवतो आणि आडवा होतो. त्यानंतर कापसाचा वेचा सुरू झाला की बायांना दिवसभर उसंत नसते आणि श्रोत्यांत अर्ध्याहून अधिक बायाच असल्यामुळे त्यांना सोयीची नसलेली संध्याकाळ आम्हाला घेताच येत नाही. त्याहून मोठी अडचण ओलिताची आहे. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, एका पाळीत दिवसा आणि दुसऱ्या पाळीत रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची लाईन असते, त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला पुरुष मंडळी टॉर्च घेऊन शेतात असतात आणि मंडपात म्हातारी माणसे तेवढी उरतात. त्यामुळे वीज कार्यालयातून पाळीचे वेळापत्रक मिळवणे हे आमच्या कार्यक्रमपत्रिकेचे पहिले पाऊल ठरले. शहरातल्या आयोजकाला हे चमत्कारिक वाटेल, पण रिकाम्या सतरंज्यांपुढे कलावंताला गायला लावण्यापेक्षा ते बरे.

हंगामाचा आरंभ भुलाबाईने, म्हणजे पार्वतीच्या लोकरूपाच्या गाण्यांनी व्हावा, यावर मात्र दुमत नव्हते. भाद्रपद पौर्णिमेला बसलेली भुलाबाई आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला उठते आणि हा महिनाभर मुली-बाया घरोघरी तिची गाणी टिपऱ्यांच्या ठेक्यावर म्हणतात. गाणी संपली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, हा त्यातला मुलींचा आवडता भाग. ही गाणी पाठ असलेल्या आमच्या गावातल्या चौघी-पाचजणी आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना सभामंडपात व्यासपीठावर बसवावे आणि समोर ध्वनिक्षेपक ठेवावा, अशी सूचना घेऊन मी त्यांच्यातल्या सर्वांत वडील आजींकडे गेलो. त्यांनी सुपातले निवडणे न थांबवता विचारले, “भुलाबाई काय माइकवर येते का रे, बाबू?” मग त्यांनीच अटी सांगितल्या : गाणे अंगणात होईल, मखर ज्वारीच्या पाच धांड्यांचा असेल, आणि पुरुषांना ऐकायचे असेल तर त्यांनी भिंतीच्या पलीकडे बसावे. पहिली आणि तिसरी अट सोपी होती. दुसरीने मला आठवडाभर हिंडवले, कारण आमच्या शिवारात सोयाबीन आणि कपाशी आल्यापासून ज्वारी जवळपास कोणी पेरत नाही. अखेर नदीकाठच्या एका शेतकऱ्याने गुरांच्या वैरणीसाठी पेरलेला पट्टा सापडला आणि त्याने धांडे द्यायचे कबूल केले. अशा रीतीने यादीतील पहिल्या ओळीत कोणा कलावंताचे नाव नाही. “गावातील आजी व मुली” एवढेच लिहिले आहे आणि ते तसेच राहावे, असा त्यांचा आग्रह आहे.

खंजेरी भजनाशिवाय आमच्या भागातला कोणताही कार्यक्रम पूर्ण होत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा आणि त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापिला तो मोझरीला, म्हणजे वर्धा नदी ओलांडली की आमच्यापासून फार दूर नाही. खंजेरी हातात घेऊन त्यांनी गावोगाव भजने गायिली आणि ते वाद्य या मुलखाच्या ओळखीचा भाग झाले. आजही या पट्ट्यात भजन मंडळ नसलेले गाव शोधावे लागते. पुरुषांची, महिलांची आणि बालकांची अशी वेगवेगळी मंडळे असतात आणि हिवाळ्यात त्यांच्या स्पर्धा गाजतात. त्यामुळे इथे प्रश्न कलावंत मिळण्याचा नव्हता, निवडण्याचा होता.

माझ्या नावाची बातमी पसरताच मोबाईलवर ध्वनिमुद्रणे येऊ लागली. ती ऐकून काहीच कळत नाही, हे मी लवकरच ताडले. बहुतेक मुद्रणांत आवाजाला इतका घुमारा चढवलेला असतो, की गाणारा गाभाऱ्यात आहे की विहिरीत, हे समजू नये. शिवाय मुद्रणात मुख्य गायक पुढे असतो, आणि खंजेरी भजनाचे खरे बळ मागच्या साथीत असते. बुवांनी ओळ टाकली की मागचे सगळे ती एकाच दमात उचलतात का, खंजेऱ्या एका हाताने वाजल्यासारख्या पडतात का, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून मंडळातल्या एकदोघांना मोटारसायकलवर घेऊन मी त्यांच्या त्यांच्या गावी जाऊनच ऐकायचे ठरवले. चित्रपटातल्या चालींवर बेतलेली भजने हल्ली फार बोकाळली आहेत. चाल ओळखीची असल्यामुळे श्रोते माना डोलावतात खरे, पण शब्द कानाआड जातात. अशी मंडळे मी नम्रपणे बाजूला ठेवली. त्यावरून थोडी नाराजी झाली, ती मी पत्करली आहे.

जे मंडळ अखेर निवडले, ते तिवसा तालुक्यातल्या एका लहान गावचे आहे. आम्ही गेलो तेव्हा पावसाळी हवा होती आणि तालीम सुरू होण्यापूर्वी अंगणात काटक्यांची शेकोटी पेटवून चौघेजण खंजेऱ्या शेकत होते. ओल धरलेले कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून खंजेरी आचेपासून हातभर अंतरावर धरायची, सतत फिरवत राहायची आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान द्यायचा. फार तापली तर आवाज चिरका होतो, तेव्हा ओल्या बोटाने आतल्या बाजूला हलकेच पाणी लावायचे. बुवांनी आपली खंजेरी तीनदा शेकली, दोनदा खाली ठेवली आणि मगच पेटीवाल्याला सूर द्यायला सांगितले. पूर्वी या वाद्याला घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले. आता बकऱ्याचे कातडे चालते, आणि कित्येक मंडळे कारखान्यात बनलेला पडदा लावतात, त्याला शेकायची गरज नसते. बुवांच्या मंडळाने दोन्ही ठेवल्या आहेत. कातड्याच्या खंजेऱ्या संथ भजनांना आणि पडद्याच्या स्पर्धेला, असा त्यांचा हिशेब आहे, कारण स्पर्धेत परीक्षकापुढे शेकोटी पेटवता येत नाही.

मी त्यांना कोजागरीनंतरचा शनिवार सुचवला, तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहून हसले. आश्विन वद्य पंचमीला राष्ट्रसंतांची पुण्यतिथी असते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हापासून मोझरीला दरवर्षी गावोगावचे गुरुदेवभक्त लोटतात. “त्या आठवड्यात आमी कोनाचेच नसतो, सचिव साहेब. मंग कवाई बलवा,” बुवा म्हणाले. म्हणून खंजेरीची संध्याकाळ मार्गशीर्षात गेली. त्या थंडीत दव पडणार, तेव्हा मंडपाशेजारी शेकोटीची जागा राखून ठेवणे आणि कोरडी लाकडे पुरवणे ही जबाबदारी आमच्यावर आली. बिदागीच्या बोलण्याला त्याहून कमी वेळ लागला. गाडीभाडे, जेवण आणि मंडळाच्या पेटीत आपण घालाल ते, इतकेच त्यांचे उत्तर होते. आम्ही तरीही एक रक्कम ठरवून लिहून दिली, कारण “आपण घालाल ते” यातून शेवटी दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

खडी गंमत आणण्याचा हट्ट माझा. आमच्या वर्धा जिल्ह्यात ती आता क्वचित दिसते. तिचा मुलूख भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा, धानाच्या पट्ट्याचा. शाहीर उभ्याने गातो, मागे साथीला गाणारे झीलकरी, ढोलकी, टाळ, तुणतुणे, आणि लुगडे नेसून स्त्रीची भूमिका करणारा नाच्या. गण-गौळणीपासून सुरू झालेला खेळ लावणी, सवाल-जवाब, थट्टा-मस्करी असे वळसे घेत रात्र खातो. भंडाऱ्याकडच्या एका शाहिरांचा क्रमांक मिळवून मी दिवाळीनंतरची तारीख मागितली. ते चक्क अशक्य होते. भाऊबीजेपासून त्या भागात गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, आज या गावची तर उद्या त्या गावची, आणि प्रत्येक मंडईत गंमत किंवा दंडार हवीच असते. जावई-लेकी, पाहुणे, व्यापारी, सगळे त्या दिवशी तिथे. वर्षभराची बरीचशी कमाई त्या काही आठवड्यांत होत असल्यामुळे कोणताही शाहीर ते सोडून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर आमच्या गावी येणार नाही, आणि त्याने येऊही नये.

मंडया ओसरल्यावरची तारीख मिळाली, तेव्हा वेळेचा प्रश्न उभा राहिला. आमच्या मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी तासाभराचा खेळ पुरे, असे सुचवले होते. मी ते शाहिरांना सांगताच पलीकडून हसण्याचा आवाज आला. “एका घंट्यात तं आमच्या नाच्याचं लुगडंच नेसून होते, भाऊ!” त्यांना रात्रभर हवी होती, आम्हाला ती देता येत नव्हती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि पुढच्या सुधारणेने वाद्यांवरही ते बंधन आले. सणासुदीच्या ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, पण आमची तारीख त्यांत बसत नव्हती. मार्ग शाहिरांनीच काढला. मंडईत आम्ही दिवसाढवळ्या खेळतो, मग तुमच्याकडे का नाही, असे ते म्हणाले. आता गंमत रविवारी दुपारी तीनला सुरू होईल, मध्ये दिवेलागणीला चहा-जेवण होईल आणि रात्री दहाच्या आत भैरवी. व्यासपीठ नको, चारी बाजूंनी लोक बसतील असा चार खांबांचा मांडव हवा, आणि नाच्याला रंगण्यासाठी दाराला कडी असलेली खोली, मोठा आरसा आणि चांगल्या उजेडाचा बल्ब हवा, या त्यांच्या मागण्या आम्ही लेखी मान्य केल्या. कडीची मागणी त्यांनी दोनदा केली. स्त्रीवेष करणाऱ्या कलावंताची गावोगावी कशी टवाळी होते, हे त्यामागे आहे, ते त्यांनी सांगितले नाही आणि सांगायची गरजही नव्हती. शाळेची एक खोली आम्ही त्यासाठी मागून घेतली आहे आणि तिथे कोणाला बसवायचे, हेही ठरवले आहे.

गोंधळाचे प्रकरण याहून वेगळे निघाले. माहूरच्या रेणुकेचे उपासक असलेले एक गोंधळी कुटुंब यवतमाळ जिल्ह्यातून आमच्याकडे दर वर्षी येते. त्यांना मंडळाच्या कार्यक्रमाचे निमंत्रण दिले, तेव्हा त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या काकाजींनी एकच प्रश्न केला : “मांडतो ना गोंधळ. पन यजमान कोन?” मला आधी वाटले, ते पैसे कोण देणार असे विचारत आहेत. त्यांचा अर्थ तो नव्हता. गोंधळ मांडायचा म्हणजे पाटावर नवे वस्त्र, धान्याचा चौक, कलश, धांड्यांचा मांडव, दिवटी. आणि हे सर्व कोणाच्या तरी घरच्या कुलाचारासाठी, लग्नानंतर किंवा नवसापोटी. ज्याच्या नावाने देवीला बोलवायचे तो कोणीतरी असल्याशिवाय आवाहन कोणासाठी करायचे? मंडळ यजमान होऊ शकत नाही, कारण मंडळाला कूळ नाही. हे ऐकून मी निरुत्तर झालो, आणि खरे सांगायचे तर गेली काही वर्षे व्यासपीठावर त्यांना दहा मिनिटे वाजवायला लावताना हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला कसा नाही, याचेच आश्चर्य वाटले. काकाजींना तेही विचारले. ते म्हणाले, तो गोंधळ नव्हता, ते नुसते संबळ होते.

तोडगा गावातच मिळाला. माघात एका घरी लग्न आहे आणि त्यांच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालण्याची रीत आहे. त्या कुटुंबाने सगळ्या गावाला अंगणात बसू द्यायचे कबूल केले. बिदागीचा काही भाग मंडळ देणार, शिधा घरचा. त्यामुळे पत्रकात त्या दिवसापुढे “गोंधळ, यजमानांच्या घरी” असे छापले आहे. तिथे निवेदन नाही, सत्कार नाही, ध्वनिक्षेपकही नाही. आख्यान लांबले आणि दहा वाजले, तर उरलेली कथा संबळाविना आत ओसरीवर होईल, हे काकाजींनी आनंदाने मान्य केले.

बाकीच्या काही ओळी सहज भरल्या. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, २० डिसेंबरला, त्यांच्या धर्तीवर कीर्तन करणारे अमरावतीकडचे एक कीर्तनकार येत आहेत. त्यांची अट अशी, की सकाळी गाव झाडल्याशिवाय संध्याकाळी कीर्तन नाही, आणि झाडू त्यांच्याही हातात हवा. भीमगीते गाणाऱ्या वर्ध्याकडच्या एका गायिकेने दसरा आणि एप्रिल हे दोन्ही आधीच नाकारले, कारण एक काळ नागपूरच्या दीक्षाभूमीचा आणि दुसरा जयंतीचा. त्यांनी स्वतःच रमाई जयंतीचा, ७ फेब्रुवारीचा दिवस सुचवला आणि कार्यक्रम बुद्धविहारासमोरच्या मैदानात व्हावा असे सांगितले. आमच्या मंडळाचा कार्यक्रम बुद्धविहारासमोर होण्याची ही पहिलीच वेळ. बैठकीत यावर थोडी कुजबुज झाली, पण उघडपणे कोणी विरोध केला नाही. ज्यांनी कुजबुज केली, त्यांनाच सतरंज्या नेण्या-आणण्याचे काम दिले आहे. केळापूर तालुक्यातल्या कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलाम वस्तीवरचे, ढेमसा नृत्य आणावे, अशी माझी इच्छा होती. परंतु ढोलवाल्यांसह पूर्ण समूहाला आणण्याचा आणि त्यांना नीट ठेवण्याचा खर्च यंदा झेपणारा नाही, आणि चारच नर्तक बोलावून हौस भागवणे मला मान्य नव्हते. महाशिवरात्रीचा आठवडा कोरा ठेवला आहे, कारण तेव्हा निम्मे गाव सालबर्डीला असते.

शेवटची ओळ होळीची. बंजारा समाजाची लेंगी गीते होळीच्या दिवसांत डफाच्या तालावर गायिली जातात आणि ती ऐकायची तर तेव्हाच. दारव्ह्याकडच्या एका तांड्याच्या नायकांशी बोललो, तर त्यांनी सरळ सांगितले, की होळीत आम्ही तांडा सोडत नाही, तुम्हीच या. त्यामुळे हंगामाचा अखेरचा कार्यक्रम आमच्या गावात नाहीच. एक गाडी भरून आम्ही तांड्यावर जाणार, जेवण तिथेच घेणार आणि बिदागी म्हणून नाही, तर होळीची फगवा म्हणून काय द्यायचे ते नायकांना विचारून देणार.

पोलीस ठाण्याची परवानगी, ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र, मांडववाल्याचा इसार, हे सगळे यथावकाश झाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते पत्रकाविषयी. पहिला मसुदा मी सवयीने केला : ठळक अक्षरात मुख्य गायक, खाली “आणि सहकारी”. तो घेऊन मी तिवसा तालुक्यातल्या बुवांकडे गेलो, तर त्यांच्या मंडळातले वयस्क ढोलकीवादक मला बाजूला घेऊन म्हणाले, की जमले तर माझे नाव छापा, पूर्ण नाव, आणि तारीखही. कारण विचारल्यावर कळले. राज्य शासनाच्या ज्येष्ठ कलावंत मानधन योजनेत वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलावंताला २०२४ पासून दरमहा सरसकट ५००० रुपये मिळतात. परंतु अर्ज करताना आपण इतकी वर्षे कला सादर करीत आलो, याचे पुरावे जोडावे लागतात. पत्रके, कात्रणे, प्रमाणपत्रे. चाळीस वर्षे ढोलकी वाजवलेल्या माणसाकडे यातले काही नाही, कारण चाळीस वर्षे तो “आणि सहकारी” मध्ये राहिला. बुवांकडे थैलीभर कागद आहेत; त्यांच्या मागे बसणाऱ्यांकडे डाव्या हाताच्या तळव्यावरचे घट्टे तेवढे आहेत, आणि ते अर्जाला जोडता येत नाहीत.

त्यानंतर पत्रकाचा आकार दुप्पट झाला. आता प्रत्येक संध्याकाळीखाली गायक, झीलकरी, ढोलकी, पेटी, टाळ, तुणतुणे, नाच्या अशी सगळ्यांची पूर्ण नावे, गाव आणि तारीख आहे. “भजनसम्राट”, “शाहीररत्न” वगैरे पदव्या सरसकट वगळल्या, त्यामुळे जागाही झाली आणि नावाच्या क्रमावरून होणारे रुसवेही टळले. आर्वीच्या छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या मुलाने इतकी नावे कोण वाचणार, असे विचारले. वाचतील न वाचतील, पण प्रत्येक कलावंताला मंडळाच्या शिक्क्यानिशी पाच प्रती आणि वेगळे प्रमाणपत्र द्यायचे, असा ठराव आम्ही इतिवृत्तात लिहून घेतला आहे. नावे तपासण्यासाठी प्रत्येक मंडळाला पुन्हा फोन करावे लागले, कारण आधारकार्डावरचे नाव आणि गावातले नाव यांत फरक असतो, आणि शासकीय अर्जाला पहिले लागते. नाच्याचे काम करणाऱ्या कलावंताने मात्र आपले नाव कंसात का होईना, रंगभूमीवरचे छापा असे सांगितले; म्हणून त्याची दोन्ही नावे छापली.

पत्रके गेल्या आठवडी बाजारात वाटली गेली. त्यानंतर पुलगावकडच्या एका भजन मंडळाचा फोन आला. पुढच्या हंगामासाठी आमचाही विचार करावा, ध्वनिमुद्रण लगेच पाठवतो, असे ते म्हणाले. मी त्यांना म्हटले की मुद्रण पाठवू नका, होळीनंतर तुमची तालीम कोणत्या वारी असते तेवढे कळवा, आम्ही येऊन बसतो. त्यांनी गुरुवार सांगितला. आता रात्रीची लाईन त्यांच्याकडे गुरुवारी असते की नाही, तेवढे विचारायचे राहिले आहे.